निघेल असा थर

गेल्या पावसाळ्यात माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर सागवानाचे तीन तुकडे पडून होते. एकाला लाखेचं पॉलिश केलेलं, दुसऱ्याला जवसाचं तेल आणि वरून मेण, तिसऱ्याला पीयू, म्हणजे हल्ली फर्निचरवर मारतात ते प्लॅस्टिकसारखं कडक पॉलिश. एकाच फळीचे तुकडे, एकाच खिडकीतली हवा. येणारे-जाणारे विचारायचे, हे काय? मी सांगायचे, बाबांच्या कॅमेऱ्याला काय लावायचं ते ठरवते आहे. त्यावर बहुतेकांच्या चेहऱ्यावर एकच भाव उमटायचा : एवढ्याशा गोष्टीसाठी अख्खा पावसाळा?

मलाही आधी ती एवढीशीच गोष्ट वाटली होती. लाकूड स्वच्छ करायचं, काहीतरी चांगलं लावायचं, झालं. कामाला हात घातल्यावर कळलं की ‘चांगलं’ म्हणजे कुणाच्या दृष्टीनं, हे ठरल्याशिवाय डब्याचं झाकणही उघडता येत नाही.

बाबांचा भिवंडीत मंडईजवळ फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाईक बहुतेक यंत्रमागावरचे कामगार. कुणी उत्तर प्रदेशातून आलेला, कुणी तेलंगणातून येऊन पद्मानगरात राहणारा. गावी पाठवायला फोटो हवा असायचा. शिवाय शाळांचे वार्षिक ग्रुप फोटो, लग्नं, मंडळांचे कार्यकर्ते. ग्रुप फोटोसाठी बाबा तिवईवरचा लाकडी कॅमेरा काढायचे. हाफ प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांची निगेटिव्ह देणारा. आमच्या गल्लीत मागांच्या खटखटीनं जमीनही बारीक थरथरायची. त्यामुळे दोन-तीन सेकंदांचं एक्स्पोजर द्यायचं असलं की बाबा वीज जायची वाट बघायचे. वीज गेली, माग थांबले, की काळ्या कापडातून त्यांचा आवाज यायचा, “आता कुणी हलू नका.” माझ्या लहानपणीची भिवंडीतली शांतता मला त्या दोन-तीन सेकंदांसारखीच आठवते.

पुढे रोल फिल्मचे कॅमेरे आले आणि हा कॅमेरा पोटमाळ्यावर गेला. बाबा गेल्यानंतरही तो तिथेच होता, मागावरच्या कोऱ्या ग्रे कापडात गुंडाळलेला. घर पाडायची वेळ आली तेव्हा तो खाली उतरला. भाता ठिकठिकाणी फाटलेला, पितळ हिरवं पडलेलं, मागच्या चौकटीचा एक सांधा सुटलेला. बैठकीच्या उजव्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढा काळा डाग. आणि सगळ्या लाकडावर एक मळकट, चिकट, तडे गेलेला थर.

काही कामांत मला अजिबात अडायला झालं नाही. भाता नवा करून घेतला. फाटक्या भात्यातून उजेड आत शिरतो, आणि आत उजेड शिरला की कॅमेरा कॅमेरा राहत नाही. सुटलेला सांधा सरसानं जोडला. आतली बाजू काळी करायची होती, तीही जुन्याच रीतीनं केली : पातळ लाखेत काजळी कालवून दोन हात दिले. तिथे चकचकीत काळा रंग चालत नाही, कारण आतल्या आत उजेड उसळून चित्र फिकं पडतं. मागेपुढे सरकणाऱ्या खाचांना तर काहीच लावायचं नसतं, फार तर मेण चोळायचं. जाड थर बसला की घसरपट्टी अडकते. या सगळ्याला बरोबर उत्तर होतं आणि ते कॅमेराच सांगत होता. बाहेरच्या बाजूबद्दल मात्र तो गप्प होता. बाहेर लाख लावा, तेल लावा, पीयू मारा, फोटो तोच येणार. ज्या जागी वस्तूच्या कामाला फरक पडत नाही, नेमक्या त्या जागी आपल्याला आपल्या मनाला विचारावं लागतं, हे मला तेव्हा प्रथम जाणवलं.

सरळ उत्तर असं होतं की मुळात होतं तेच लावावं. पण मुळात काय होतं? कॅमेऱ्यावर बनवणाऱ्याची पट्टी नव्हती. समोरच्या चौकटीवर दोन रिकामी भोकं होती, तिथे ती कधीतरी असावी. आपल्याकडे असे कॅमेरे बनवणारे हात होते. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबुराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबुरावांनी काम तडीस नेलं, आणि १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. केरळात आलप्पुळाला के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात ‘वागीश्वरी’ नावाचा लाकडी कॅमेरा बनवायला घेतला आणि तो देशभरच्या स्टुडिओंत पोचला. त्याआधी इंग्लिश कंपन्या आपल्याकडच्या हवेसाठी सागवानी, पितळी पट्ट्या ठोकलेले ‘ट्रॉपिकल’ कॅमेरे पाठवत, कारण इथल्या दमटपणात कातडं कुजायचं आणि किडे ते खायचे. आमच्या कॅमेऱ्याचा सुतार यांतल्या कुणाच्याच जवळचा नसेल. पण त्याचे सांधे बघितले की कळतं, त्याला काम येत होतं.

मी कॅमेरा घेऊन आमच्या मागच्या गल्लीतल्या पॉलिशवाल्या चाचांकडे गेले. चाचा कोकणी मुसलमान, सत्तरीच्या पुढचे, आयुष्यभर फर्निचरला पॉलिश केलेले. आता त्यांचा मुलगा स्प्रे गननं पीयू मारतो आणि चाचा बाजूला बसून बघतात. त्यांनी कॅमेरा उलटा केला, तळाची एक पितळी पट्टी काढली आणि पट्टीखालच्या लाकडावर स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा तांबूस झाला. “ही लाख,” ते म्हणाले. “पहिल्यापासूनची.” मग पट्टीबाहेरच्या लाकडावर तोच बोळा फिरवला. काहीच निघालं नाही. “हे वरचं वार्निश. मागाहून मारलंय, ब्रशनं.” त्यांनी नखानं एक जागा दाखवली. वार्निशमध्ये ब्रशचा एक केस अडकून वाळला होता.

तो ब्रश मला माहीत होता. दर दिवाळीला स्टुडिओच्या दाराला, बाकाला आणि फ्रेमांना बाबा स्वतः वार्निश मारायचे. एका वर्षी कॅमेऱ्यालाही मारलं असणार.

म्हणजे आता दोन थर झाले. खालचा बनवणाऱ्याचा, वरचा बाबांचा. मला खालचा हवा होता. तो अस्सल, तो सुंदर, तांबूस आणि खोल. पण तो मिळवायचा तर वरचा खरवडावा लागणार होता, आणि वरचा बाबांच्या हातचा होता. अनोळखी सुताराचा हेतू जपण्यासाठी बापाचा हात पुसून टाकायचा का?

हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही, हे थोड्या दिवसांनी लक्षात आलं. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर उतरवला गेला. पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला तो थर निघाल्यावर आतलं मूळ रूप दिसलं, कोरीव आणि रेखीव. वर्तमानपत्रांत फोटो आले. माझी आत्या गडावर कित्येक वेळा जाऊन आलेली. तिनं फोटो बघितला, हात जोडले आणि म्हणाली, “छान आहे गं. पण मी जिच्याशी बोलायचे ती ही नव्हे.” शिल्पकारानं घडवलेली देवी खरी, की आत्यानं पाहिलेली? मला वाटतं, थर उतरवणाऱ्यांचं चुकलं नाही आणि आत्याचंही चुकलं नाही. शेंदूर म्हणजे काही मळ नव्हे, माणसांनी इतकी वर्षं देवीशी ठेवलेला संबंध त्या रूपात साचलेला होता. तो उतरवला तेव्हा एक खरी गोष्ट दिसली आणि दुसरी खरी गोष्ट गेली.

इथे दादानं त्याचं मत सांगितलं. दादा ठाण्याला राहतो, कॅमेऱ्यावर त्याचाही तेवढाच हक्क. त्याला तो दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवायचा आहे. म्हणाला, “सरळ पीयू मार. आरशासारखं दिसलं पाहिजे.” मी जुनेपणाच्या सौंदर्याबद्दल काहीतरी बोलायला लागले, तर त्यानं मला मध्येच थांबवलं. “बाबांना चकचकीत आवडायचं. बूट, पितळ, स्टुडिओची काच. जुनाट दिसणं ही त्यांच्यासाठी शोभा नव्हती, गरिबी होती. आज पीयू असतं तर त्यांनी वार्निश मारलंच नसतं.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही पुरतं नाही. झिजलेल्या कडा, फिकट पडलेलं पॉलिश यांचं कौतुक ही ज्यांच्याकडे नव्या वस्तू पुरेशा आहेत त्यांची आवड आहे. रोज घासून-पुसून धंदा चालवणाऱ्या माणसाला वस्तू नवी दिसण्यात इज्जत वाटते. बाबांचा मान राखायचा तर त्यांचं वार्निश जपायचं, की त्यांची आवड? वार्निश जपलं तर कॅमेरा मळकट दिसणार, जे त्यांना सहन झालं नसतं. आवड जपली तर त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं काम जाणार.

मग तो काळा डाग. त्याबद्दल मला कधीच शंका नव्हती. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडीत दंगल झाली. पुष्कळ माणसं मेली, घरं आणि दुकानं जळाली. बाबांचा स्टुडिओ किती तरी आठवडे बंद होता. आमच्या घरात त्या दिवसांबद्दल कुणी बोलत नसे. बाबा गेल्यावर कधीतरी मी त्या डागाशी ती गोष्ट जोडली : कॅमेरा आगीतून वाचला, हा त्याचा व्रण. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं, पण ती जोडणी मनात इतकी घट्ट बसली की मी ज्या महाविद्यालयात शिकवत होते तिथे एकदा विद्यार्थ्यांसमोर मी कॅमेऱ्याचा फोटो दाखवून ती सांगितलीसुद्धा. मुलं एकदम गप्प झाली होती. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं.

चाचांना मी म्हटलं, बाकी काहीही करा, हा डाग तसाच राहू द्या, हा चौऱ्याऐंशीचा आहे. त्यांनी डाग उजेडात धरला. बोटानं चोळला, वास घेतला. डागाच्या मधोमध एक स्क्रू होता, तो काढला. बाकी सगळे स्क्रू पितळेचे, हा एकच लोखंडी, गंजून फुगलेला. “पितळेचा हरवला असेल, म्हणून कुणीतरी लोखंडी घातला,” चाचा म्हणाले. “पाणी लागलं, गंज लाकडात उतरला. सागवानात लोखंड भिजलं की असंच काळं पडतं. ऑक्झॅलिकच्या पाण्यानं निघून जाईल.”

मी म्हटलं, “पण तेव्हाची आग…”

चाचा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जळलेलं लाकूड मी बघितलंय, ताई. हे जळलेलं नाही.”

त्यापुढे आम्ही दोघंही त्या विषयावर बोललो नाही. तेव्हा ते याच गावात होते. त्यांचं काय जळलं होतं, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

घरी आल्यावर मला जी लाज वाटली ती डाग खोटा निघाल्याची नव्हती. डाग बिचारा खराच होता, लोखंडाचा आणि पावसाचा. खोटी होती ती मी त्याच्याकडून वदवून घेतलेली साक्ष. ज्या दिवसांत दुसऱ्यांचं खरोखर जळलं, त्या दिवसांतला थोडा वाटा मी एका गंजक्या स्क्रूच्या जोरावर आपल्या नावावर करून घेतला होता. आणि तो डाग पॉलिशखाली कायमचा बंद करायला निघाले होते. वस्तूवर आपण रंग, वार्निश किंवा लाख तर लावतोच, पण गोष्टीही लावतो. गोष्टीचा थर दिसत नाही, म्हणून तो खरवडून बघायचं कुणाला सुचत नाही.

पॉलिश निवडण्याचा माझा निकष त्या रात्री बदलला. ‘सर्वांत अस्सल कोणतं’ आणि ‘सर्वांत टिकाऊ कोणतं’ हे दोन्ही प्रश्न मी बाजूला ठेवले. मी स्वतः इतकी चुकू शकते, तर मी लावलेला थर उद्या कुणाला तरी काढता आला पाहिजे, एवढंच मला खात्रीनं म्हणता येत होतं.

लाख इथे बसते. कुसुम, पळस, बोर अशा झाडांवर जगणारा एक बारीक किडा अंगाभोवती जो राळेसारखा पदार्थ सोडतो, ती लाख. तिच्यापासून बांगड्या झाल्या, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा रंग झाला, पत्रांवरची मोहर झाली, जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या झाल्या. महाभारतातल्या लाक्षागृहाची गोष्ट आपल्याला ठाऊक असते, म्हणजे ती पेटते हेही ठाऊक असतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि स्पिरिट उडून गेलं की पुन्हा घट्ट होते. लावल्यानंतर पन्नास वर्षांनीही तिच्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला तर ती सुटते, आणि खालचं लाकूड जसंच्या तसं हाती लागतं. पीयूचं तसं नाही. ते एकदा पक्कं झालं की कशात विरघळत नाही. काढायचं तर घासावं लागतं, आणि घासताना खालचं लाकूडही जातं. जुन्या वस्तूंची दुरुस्ती शास्त्रशुद्ध रीतीनं करणारे लोक एक नियम पाळतात, शक्यतो जे उलटवता येईल तेच करा. मला तो नियम आधी तांत्रिक वाटायचा. आता तो नम्रतेचा वाटतो.

पण लाखेच्या बाजूनं बोलताना तिचे दोष लपवणं बरं नव्हे. खिडकीतल्या तीन तुकड्यांपैकी पीयूचा तुकडा पावसाळाभर जसाच्या तसा राहिला. तेलाचा थोडा काळवंडला. लाखेच्या तुकड्यावर जुलैमध्ये पांढरी झाक आली, आणि गरम चहाचा कप ठेवला तिथे गोल उमटला. भिवंडीच्या हवेत लाख लावणं म्हणजे दर दोन-चार वर्षांनी तिच्याकडे पुन्हा बघण्याचं वचन देणं आहे. मी साठी ओलांडली आहे. हे वचन मी कुणाच्या वतीनं देते आहे? निघेल असा थर लावणं म्हणजे आपला निर्णय पुढच्यांच्या डोक्यावर टाकणंही असू शकतं.

पंढरपूरचं उदाहरण इथे मला अडवतं. विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवून दर्शन घ्यायची आपली रीत. त्या स्पर्शांनी मूर्ती झिजते, म्हणून तिच्यावर काही वर्षांनी रासायनिक वज्रलेप केला जातो. २०२० मध्ये टाळेबंदीत मंदिर बंद असताना तो पुन्हा झाला. वज्रलेप हा शब्द जुना आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्याच्या कृती आहेत, आणि त्यांतल्या एकीत लाखही आहे. तिथे पक्का लेप नको, असं कोण म्हणेल? लाखो हात रोज लागणार असतील तर मूर्ती राहणं महत्त्वाचं. पण त्या पक्क्या लेपाचीही दर काही वर्षांनी पुन्हा वेळ येतेच. कायमचं म्हणून जे आपण लावतो तेही बहुधा पुढच्या खेपेपर्यंतच असतं. निदान लाख तसं आधीच सांगते.

आणि आमच्या कॅमेऱ्याला लाखो हात लागणार नाहीत. दोनच लागतील. दादाची मुलगी चित्रकला शिकते. तिला या कॅमेऱ्यात फिल्मऐवजी फोटोचा कागद घालून चित्रं काढायची आहेत. तिनं एकच अट घातली, “आत्या, मला हात लावायला भीती वाटेल असं काही करू नकोस.” आरशासारख्या पृष्ठभागावर पहिला ओरखडा काढायची भीती वाटते. लाख आणि मेण असलं की ओरखडा पडला तरी बोळ्यानं बुजतो. तिचं ते वाक्य मी दादाला तसंच सांगितलं. तो थोडा कुरकुरला, मग म्हणाला, “पितळ तरी चमकव.” पितळ चमकवलं. ते बाबांसाठी.

बाबांचं वार्निश काढलं. त्याचं दुःख आहे. ते फुटलेलं होतं आणि त्यात ओल धरत होती, हे खरं कारण. खालचं सुंदर दिसतं हेही कारण होतं, ते नाकारत नाही. मागच्या चौकटीच्या आतल्या अंगाला बोटभर जागा मी तशीच सोडली आहे, ब्रशचा केस अडकलेली. काळा डागही राहू दिला. आता तो कशाचाही पुरावा नाही. ऑक्झॅलिकनं तो कधीही काढता येईल, आणि एकदा काढला की पुन्हा आणता येणार नाही, म्हणून राहू दिला. स्क्रू पितळेचा घातला.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर चाचांनी स्वतः पॉलिश केलं. कापसाभोवती जुनी मलमल गुंडाळून केलेल्या पुरचुंडीनं, गोल गोल हात फिरवत, थरावर थर, चार दिवस. मुलगा मध्येमध्ये येऊन बघून जायचा. पैसे द्यायला गेले तर त्यांनी निम्मेच घेतले. बाकीचे का नकोत, ते सांगितलं नाही.

बैठकीच्या खालच्या पट्टीमागे मी एक चिठ्ठी ठेवली आहे. तीत लिहिलंय : मूळ पॉलिश लाखेचं. त्यावर आमच्या वडिलांनी वार्निश मारलं होतं, ते आम्ही काढलं. आता पुन्हा लाख लावली आहे, स्पिरिटनं निघते. उजव्या कोपऱ्यातला डाग लोखंडी स्क्रूच्या गंजाचा आहे, आगीचा नाही.

शेवटचं वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. त्या वर्गातल्या मुलांना आता कुठे शोधू?